वाचलंस ना? मग सांग बघू!

सोमवारची सकाळ. इनबॉक्समध्ये एचआरचा मेल येऊन पडलेला. विषय : नवी रजा पॉलिसी. तुम्ही तो वाचता. अगदी 'डिअर ऑल'पासून 'रिगार्ड्स'पर्यंत, एक शब्द न गाळता. आणि मग शेजारच्या क्युबिकलवरून मान उंचावून विचारता, ''अरे, आपल्या सुट्ट्या वाढल्या की कमी झाल्या?''

हसू नका, हे आपल्या सगळ्यांचं होतं. इंजिनीअर असो, सीए असो की एमबीए. डोळे ओळींवरून फिरले, डोक्यात काही शिरलं नाही. पण आपल्याकडे एक सॉल्लिड गोष्ट आहे. आपल्याला कळलेलं नाही, हे आपल्याला कळतं! म्हणून तर आपण शेजाऱ्याला विचारतो, मेल पुन्हा उघडतो, मधला तो पाच ओळींचा पॅरा हळूहळू वाचतो.

आता तिसरी-चौथीतल्या एखाद्या पोराचा विचार करा. ते रोज धडा घडाघडा वाचतंय. बाई 'शाब्बास' म्हणतायत, घरी आजी कौतुकानं बघतेय. आणि वाचण्यात 'कळणं' नावाचाही एक प्रकार असतो, याचा त्या बिचाऱ्याला पत्ताच नाही. कारण ते त्याला कुणी सांगितलंच नाही.

या वेळचा विषय हाच. मुलांना वाचायला शिकवतात, हे आपल्याला माहीत आहे. वाचलेलं समजून घ्यायलाही शिकवावं लागतं, हे मात्र आपल्या गावीही नसतं.

घाटाच्या अलीकडचा थांबा

मुंबईहून गोव्याला किंवा महाबळेश्वरला ड्राइव्ह मारलीत, की महाड आणि पोलादपूर लागणारच. महाड म्हणजे रायगडाचा फाटा, पोलादपूर म्हणजे चहाचा ब्रेक. तिथून डावीकडे वळलं की आंबेनळी घाट, सरळ गेलं की कशेडी. आपल्या डोक्यात या दोन तालुक्यांचा नकाशा एवढाच. पण हायवे सोडून आत शिरलं, की डोंगराच्या कुशीत वाड्याच वाड्या. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ इथलंच. घरटी एखाद-दुसरा माणूस मुंबईत नोकरीला, गावात आजी-आजोबा आणि नातवंडं. आणि वाडीवर जिल्हा परिषदेची शाळा. अशा कित्येक शाळांमध्ये पटावर दहा-पंधरा मुलं, शिक्षक एक किंवा दोन, आणि पहिलीपासून चौथीपर्यंतची मुलं एकाच खोलीत.

पोलादपूर तालुक्यातल्या अशाच एका शाळेत मी दोन दिवस जाऊन बसले होते. भात कापून झालं होतं, आभाळ निळंशार. चौथीतला एक मुलगा गोष्टीचं पुस्तक वाचत होता. काय वाचत होता म्हणून सांगू! जोडाक्षरांवर कुठे अडखळणं नाही, स्वल्पविरामाला थांबा, प्रश्नचिन्हाला आवाज चढवलेला. गोष्टीत एक वाक्य आलं. गावच्या जत्रेत रात्रभर लावणी रंगली, अशा अर्थाचं.

बाईंनी त्याला थांबवलं. ''रात्रभर काय चाललं होतं रे?''

''लावनी.''

''लावणी म्हणजे काय?''

''भाताची. पन बाई, रातीची कशी लावतील? दिसंल कसं?''

सगळा वर्ग खिदळला. मलाही हसू आलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ''शाब्बास! रात्री कशी लावतील, हा प्रश्न तुला पडला ना? मग आता मागची दोन वाक्यं परत वाच आणि शोध, ही लावणी कुठली ते.'' त्यानं वाचलं. ढोलकी सापडली, घुंगरू सापडले. ''आँ! ही नाचायची हाय!''

बॉस, त्या दिवशी त्या वर्गातलं सगळ्यात भारी वाचन या मुलाचं होतं. त्याचा अर्थ चुकला, पण चुकतोय हे त्याला खटकलं. खटकलं म्हणून तो थांबला, मागे गेला आणि दुरुस्त करून पुढे आला. वाचन म्हणजे हेच. हसणाऱ्या बाकीच्या मुलांपैकी किती जणांना काही खटकलं होतं, देव जाणे!

झोंबाटाने गुळमटीला टरपलं

आता एक छोटीशी टेस्ट. तुमचीच. खालचं वाक्य वाचा :

'भुरक्या झोंबाटाने काल चिपळ्यात गुळमटीला टरपलं.'

प्रश्न पहिला : झोंबाटाने कोणाला टरपलं? उत्तर : गुळमटीला. प्रश्न दुसरा : कुठे टरपलं? चिपळ्यात. तिसरा : झोंबाट कसा होता? भुरका. चौथा : कधी टरपलं? काल. अभिनंदन, पैकीच्या पैकी मार्क!

कळलं काय? काहीच नाही. कळणार कसं, ते शब्द मी आत्ता बसल्या बसल्या बनवलेत. पण 'कोणाला', 'कुठे', 'कसा' अशा प्रश्नांची उत्तरं वाक्यातूनच उचलून देता येतात. मराठीचं व्याकरण आपल्या अंगात मुरलेलं असतं, ते काम करून टाकतं. आपल्या लहानपणीच्या स्वाध्यायातले किती प्रश्न याच जातीचे होते, जरा आठवून बघा. 'एका वाक्यात उत्तरे लिहा' म्हटलं की आपण धड्यात ते वाक्य शोधायचो, पेन्सिलीनं खूण करायचो आणि जसंच्या तसं उतरवायचो. मार्क मिळायचे, बाई खूश, आपण खूश.

त्यात आपली लिपीही आपल्याला फसवते. म्हणजे ती इतकी गुणी आहे म्हणूनच फसवते! इंग्रजीत स्पेलिंग एक, उच्चार भलताच. तिथे शब्द ओळखीचा नसेल तर पोर वाचतानाच अडकतं आणि निदान बाईंच्या लक्षात तरी येतं. देवनागरीत बहुतेक वेळा जसं लिहिलंय तसंच म्हणायचं. बाराखडी आणि जोडाक्षरं एकदा जमली, की मूल काहीही वाचून दाखवू शकतं. शेअर बाजाराचं पान, कोर्टाची नोटीस, अगदी संस्कृतसुद्धा. गणपतीत आपण अथर्वशीर्ष म्हणतोच की पुस्तकात बघून, खणखणीत आवाजात. अर्थ किती जणांना सांगता येईल? आणि आरतीतल्या 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना' करणारी मंडळी तर प्रत्येक सोसायटीत सापडतात. ही आरती समर्थ रामदासांची मानली जाते. ज्या शिवथरघळीत त्यांनी दासबोध सांगितला अशी परंपरा आहे, ती घळ महाड तालुक्यातच. समर्थांनी त्या ग्रंथात लिहावं कसं यावर एक अख्खा समास खर्च केलाय, एकोणिसाव्या दशकातला पहिलाच. आपण त्यांची आरती म्हणताना निदान अर्थ तरी विचारावा की नाही?

तपासणं वेगळं, शिकवणं वेगळं

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. डोलोरेस डर्किन या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात शाळांमध्ये जाऊन वाचनाचे तास बसून बघितले. घड्याळ लावून. एकूण ४,४६९ मिनिटांचं निरीक्षण. त्यात वाचलेलं समजून कसं घ्यायचं, हे प्रत्यक्ष शिकवण्यात किती मिनिटं गेली असतील? फक्त २०! बाकी वेळ कशात गेला? मुलांना कळलंय का, हे प्रश्न विचारून तपासण्यात आणि स्वाध्याय सोडवून घेण्यात बराच गेला. डर्किनबाईंचं म्हणणं सोपं होतं. प्रश्न विचारणं म्हणजे परीक्षा घेणं. ते शिकवणं होत नाही. पोहायला न शिकवता पोराला विहिरीत ढकलायचं आणि काठावरून विचारायचं, 'बुडतोयस का रे?' तसला प्रकार.

मग शिकवायचं कसं? १९८४ मध्ये ॲनमरी पॅलिंक्सर आणि ॲन ब्राऊन या दोघींनी एक फंडा मांडला. त्यांनी सातवीतली अशी मुलं घेतली, जी वाचत नीट होती पण ज्यांना कळत नव्हतं. म्हणजे आपल्या विषयातलीच. चांगले वाचक मनातल्या मनात जे करतात, ते या मुलांना मोठ्यानं, एकमेकांशी बोलून करायला लावलं. कामं चारच : अंदाज, प्रश्न, उलगडा, सार. आधी शिक्षकानं करून दाखवायचं. मग हळूहळू मुलांनीच पाळीपाळीनं शिक्षक व्हायचं. काही आठवड्यांत या मुलांची समज बरीच वर गेली.

थिअरी पुरे, करून बघू. मी एक चार वाक्यांची गोष्ट रचलीय :

'आजीनं दारात इरलं झटकलं आणि पडवीत टांगलं. चुलीपाशी बसून तिनं हात शेकले. पऱ्याला पाणी लय चढलंय, ती म्हणाली. बाळा, आज शाळा नको.'

अंदाज. पहिलं वाक्य वाचून थांबायचं. आता पुढे काय होईल? मुलं काहीबाही सांगतील. आजी चहा करेल, आजी ओरडेल, आजी झोपेल. अंदाज चुकला तरी चालेल. एकदा अंदाज केला, की तो खरा ठरतोय का हे बघायला मूल पुढचं वाक्य *वाचतं*. आपण क्रिकेटची मॅच बघताना पैज लावतो आणि मग एकेक बॉल डोळे ताणून बघतो ना, तसंच!

प्रश्न. इथे प्रश्न मुलांनी काढायचे. 'आजीनं इरलं कुठे टांगलं?' हा प्रश्न झोंबाट छाप. उत्तर वाक्यातच आहे. 'बाहेर काय चाललंय?' हा जरा वरचा. पाऊस हा शब्द गोष्टीत कुठेच नाही, तरी पाऊस पडतोय हे इरल्यावरून आणि शेकलेल्या हातांवरून ओळखायचं. 'शाळा का नको?' हा त्याहून वरचा. शाळेच्या वाटेवर पऱ्या ओलांडावा लागतो, हे लेखकानं सांगितलेलंच नाही. ते वाचणाऱ्यानं आपल्या पदरचं घालायचं. मुलांना या तीन पायऱ्या लगेच कळतात. 'इथेच आहे', 'शोधून काढ' आणि 'तू सांग', अशी नावं द्या, की झालं.

उलगडा. कुठे अडलं? इरलं म्हणजे काय? पऱ्या म्हणजे काय? मागचं-पुढचं वाचून कळतंय का? नाही तर विचारायचं कुणाला? यातली गोम ही, की 'मला इथे कळलं नाही' असं म्हणणाऱ्या मुलाला वर्गात मान मिळाला पाहिजे. ते म्हणायची सुरुवात शिक्षकानंच करायची. वाचता वाचता थांबून म्हणायचं, ''थांबा रे, मला काही हे नीट लागलं नाही. मी पुन्हा वाचते.'' गुरुजींनाही कळत नाही कधी कधी, हे बघून पोरांना केवढा धीर येतो!

सार. आता पुस्तक मिटायचं आणि दोन वाक्यांत सांगायचं. घरच्या बोलीत. ''लय पाऊस व्हता म्हून आजीनं पोराला शाळंत धाडला न्हाय.'' यात 'व्हता'चं 'होता' करायला धावू नका, प्लीज! अर्थ पोचला आहे. प्रमाण मराठी त्याला सावकाश शिकवता येईल. बोलीला टोकलं, की मूल पुढच्या वेळी पुस्तकातलंच वाक्य पाठ करून सुनावतं. म्हणजे आपण पुन्हा गुळमटीपाशी.

एकाच खोलीत चार इयत्ता असल्या की शिक्षकाचे हाल होतात, हे खरंच. पण हे चार उद्योग तिथेही जमतात. चौथीचं मूल शिक्षक होतं, दुसरीतली अंदाज सांगतात, पहिलीतली नुसती ऐकतात. ऐकून समजणं ही वाचून समजण्याची पहिली पायरी. बाई एवढ्यात तिसरीच्या गणिताकडे वळू शकतात.

गोरेगाव विरुद्ध पोलादपूर

आता खरी गंमत. हीच चार वाक्यं गोरेगावच्या एखाद्या टॉवरमधल्या, इंटरनॅशनल शाळेतल्या तुमच्या भाच्याला वाचायला द्या. मराठी येत असलं तरी बिचारा आपटणार. इरलं काय ते त्याला माहीत नाही. पऱ्या त्यानं पाहिलेला नाही. पाणी चढलं तर शाळा का बुडावी? स्कूल बस आहे की! पोलादपूरच्या वाडीतल्या पोराला मात्र चारच वाक्यांत सगळं चित्र दिसतं. आणि उलट करा. मेट्रोचं कार्ड रिचार्ज करून एस्कलेटरनं प्लॅटफॉर्मवर जाण्याची गोष्ट द्या. भाचा जिंकेल.

मग 'हुशार वाचक' कोण?

१९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी नेमकं हेच तपासलं. सातवी-आठवीतल्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉलचा गंध नसलेल्या मुलांच्या पुढे गेली. म्हणजे आपण ज्याला वाचनाची समज म्हणतो, त्यातला मोठा वाटा त्या विषयाच्या माहितीचा असतो. म्हणूनच अंदाज-प्रश्न-उलगडा-सार ही काही जादूची कांडी नव्हे. युक्त्या लवकर शिकून होतात. त्यानंतर लागतो तो माल. शब्द, अनुभव, गप्पा, नकाशे, किडे, नद्या, बातम्या. वर्षभर नुसत्या युक्त्या घोकत बसलात तर तोही एक नवा स्वाध्यायच होईल.

आणि शहरातल्या संस्थांनी, लेखकांनी, आपण सगळ्यांनीच याचा विचार करायला हवा. वाडीतल्या मुलासमोर जर कायम एस्कलेटरच्याच गोष्टी येत राहिल्या, तर ते कायम 'कच्चं' ठरणार. त्याला पऱ्याच्या गोष्टीही द्या, म्हणजे 'वाचलेलं कळतं' ही चव त्याच्या जिभेवर राहील. मग एस्कलेटरही येऊ द्या, पण बोलत, चित्र दाखवत.

महाराष्ट्रात हे ओळखून काम करणारी माणसं आहेत. अमेरिकेत जन्मलेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणमध्ये राहून प्रगत शिक्षण संस्था उभी केली. मुलांच्या बोलीला आणि अनुभवाला वर्गात जागा द्या, असा त्यांचा आग्रह. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळे इथून नीलेश निमकर यांची 'क्वेस्ट' २००७ पासून शिक्षकांबरोबर काम करतेय. म्हणजे हे फॉरेनचं खूळ नाही. आपल्या मातीत, आपल्या भाषेत होतं.

एवढं टेन्शन कशाला?

कशाला ते सांगते. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' हा सर्व्हे करते. त्यांची माणसं गावोगावी घरी जाऊन मुलांना वाचायला देतात. २०२४ च्या अहवालानुसार देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या निम्म्या मुलांनाही दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता आला नाही; ज्यांना आला, ती फक्त ४८.८ टक्के. आणि ही चाचणी मोठ्यानं वाचून दाखवण्याची आहे. समजलं का, हा त्याच्या पुढचा प्रश्न. सरकारलाही हे माहीत आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' मोहिमेच्या नावातच 'समजून वाचणं' आहे आणि २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला ते यावं, असं तिचं उद्दिष्ट आहे.

पण टक्केवारी सोडा. महाड-पोलादपूरकडेच बघा. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गाडलं गेलं, ८० हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी कोसळल्या आणि महाड शहर पाण्याखाली गेलं. दरड काही वाचनानं थांबत नाही. पण आता दर पावसाळ्यात सूचना येतात, बोर्डावर लागतात, मोबाइलवर फिरतात. 'इशारा पातळी', 'धोका पातळी', 'दरडप्रवण', 'स्थलांतर', 'खबरदारी'. जड जड शब्द. ज्या घरात आई-बाबा मुंबईला आणि आजी-आजोबांना वाचता येत नाही, त्या घरात ही सूचना वाचणारं माणूस कोण? चौथीतलं पोर. ते घडाघडा वाचेल हो. आजी विचारेल, ''म्हंजी काय रं? जायाचं का ऱ्हायाचं?''

तिथे 'एका वाक्यात उत्तर' द्यायचं असतं, आणि ते धड्यातून उतरवता येत नाही.

हेच पोर उद्या महाडच्या एमआयडीसीत कामाला लागेल. तिथे केमिकलच्या कंपन्या. ड्रमवरची सूचना वाचायची, कॉन्ट्रॅक्टरच्या कागदावर सही करायची. सही करता येणं आणि कशावर करतोय ते कळणं, यात फार मोठं अंतर आहे.

आणि महाडला याचा इतिहासही आहे. दासगावच्या शाळेत शिकलेला एक दलित मुलगा, रामचंद्र बाबाजी मोरे. शिष्यवृत्ती मिळूनही महाडच्या इंग्रजी शाळेनं त्याला प्रवेश नाकारला. या शाळकरी पोरानं काय केलं? तक्रारीचं पत्र लिहिलं. त्यानंतर त्याला प्रवेश द्यावा लागला. पुढे मार्च १९२७ मध्ये महाडला जी परिषद भरली आणि २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंसह चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं, त्या परिषदेच्या तयारीत कॉम्रेड आर. बी. मोरे आघाडीवर होते. नियम वाचला, त्याचा अर्थ लावला, 'हे माझ्यावर अन्याय करतंय' हे ओळखलं आणि लिहून कळवलं. वाचलेलं कळलं की माणूस काय काय करू शकतो, याचं याहून मोठं उदाहरण कुठे शोधणार? त्या काळी शाळेचं दारच बंद होतं. आज दार उघडं आहे, पोरं आत बसलीत, पुस्तक हातात आहे. अर्थाचं दार किलकिलं करायचं राहिलंय.

तुमचा वीकेण्डचा होमवर्क

आता तुम्ही म्हणाल, आम्ही ऑफिसवाले, आम्ही काय करणार? ऑफिसच्या सीएसआरमध्ये पुस्तकांचे खोके भरून पाठवतो की! पाठवा, जरूर पाठवा. पण जरा असं करून बघा :

१. खोका भरण्याआधी शाळेत फोन करा. कुठल्या इयत्तेची, कुठल्या भाषेतली, कसली पुस्तकं हवीत ते बाईंना विचारा. जुन्या एन्ट्रन्सच्या गाइड्स रद्दीतच शोभतात.

२. वीस वेगवेगळ्या पुस्तकांऐवजी एकाच गोष्टीच्या पाच प्रती द्या. पाच जणांनी एकच गोष्ट वाचली, की आपोआप गप्पा होतात, वाद होतात. समज तिथेच वाढते.

३. शाळेत गेलात तर फोटो कमी काढा, गोष्ट वाचून दाखवा. मध्ये दोनदा थांबा आणि विचारा, ''आता काय होईल?'' मुलांनी सांगितल्यावर पुढचा प्रश्न, ''कशावरून?'' हा 'कशावरून' लय कामाचा आहे.

४. पोरांकडून त्यांचे शब्द शिका. इरलं, पऱ्या, राब, खाचर. तुम्हाला काही कळत नाही आणि तुम्ही बिनधास्त विचारता, हे त्यांना दिसू द्या.

५. घरी भाचा-भाची, पुतण्या, शेजारची चिंगी असेलच. झोपताना गोष्ट वाचून झाली, की 'कोण, कुठे, कधी' विचारू नका. ''तू असतीस तर काय केलं असतंस?'' एवढंच विचारा आणि गप्प बसून ऐका.

यातल्या एकाही गोष्टीला पैसे पडत नाहीत, आणि वेळ जेमतेम एका सिरीजच्या एपिसोडएवढा.

वाडीतल्या त्या बाई निघताना म्हणाल्या, ''आमच्याकडे कुणी साहेब आले की पोरांना सांगतात, वाचून दाखव. वाचून सांग, असं कुणी म्हणत नाही.'' 'दाखव' आणि 'सांग', एका शब्दाचा तर फरक. पुढच्या वेळी तुमच्यासमोर एखादं पोर पुस्तक घेऊन उभं राहील, तेव्हा कुठला शब्द वापरायचा ते तुम्ही ठरवा.